पडद्यावरची टिकली

न्हाणीघरातल्या आरशावर चिकटवलेली टिकली कुणाची, कधीची, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं आणि ती काढायचं कुणी मनावरही घेत नाही. तशीच एक टिकली हल्ली मोबाइलच्या पडद्यावर असते. करडी, गोल, अर्धवट पारदर्शक. बोटाने ढकलली की सरकते, सोडली की कडेला जाऊन बसते. बसते ती मात्र जागा हेरून. जाहिरात बंद करायच्या फुलीवर, फॉर्ममधल्या 'पुढे' या शब्दावर, नाहीतर मालिकेच्या ऐन प्रसंगात नायिकेच्या नाकावर. मालकाला विचारावं, हे काय हो? तर म्हणतो, "काय की! फोन घेतल्यापासून आहे."

बहुतेक वेळा फोन घेतल्यापासून नसते. दुकानदाराने लावून दिलेली असते, नाहीतर भाच्याने, नाहीतर खिशातल्या खिशात मांडीने. पण एकदा बसली की बसली. आम्ही भाडेकरूला बाहेर काढायला कोर्टात जाऊ, पण पडद्यावरच्या टिकलीशी तडजोड करून आयुष्य काढू.

तिची जन्मकथा अशी. २०११ साली आयओएस ५ आलं, त्यात ॲपलने 'असिस्टिव्ह टच' नावाने ही सोय दिली. ज्याच्या हाताला कंप आहे, ज्याला फोन धरून कडेची बटणं दाबता येत नाहीत, ज्याला पडद्यावर दोन बोटं फाकवणं जमत नाही, त्याला सगळा कारभार एका बोटावर करता यावा, हा हेतू. टिकलीला बोट लावलं की चौकट उघडते. तिथून आवाज कमी-जास्त करा, पडदा लॉक करा, स्क्रीनशॉट घ्या. फोन जोरात हलवल्याचं सोंगसुद्धा तिथल्या एका बटणाने आणता येतं. कंपवाताच्या माणसाला फोन हलवायला वेगळं सांगावं लागत नाही, हा विनोद त्यांनीच करावा, आपण करू नये.

आपल्याकडे ती आली आणि तिला भलतीच नोकरी लागली. होम बटण वाचवायची. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक रिमोट मरेपर्यंत न काढणारी आपण माणसं. पन्नास हजारांचा फोन घेतल्यावर त्याचं समोरचं एकुलतं एक बटण दाबून झिजवायचं म्हणजे काय? "होम बटण दाबू नकोस, खराब होतं, हे गोल वापर," असा उपदेश दुकानातल्या काउंटरवर मोफत मिळायचा, स्क्रीनगार्डबरोबर. त्यामुळे ती टिकली दिसली की हा आयफोनवाला, अशीही एक ओळख झाली. अपंगांसाठी केलेली सोय श्रीमंतीची खूण झाल्याचं दुसरं उदाहरण मला पटकन आठवत नाही.

पुढे काय झालं? २०१६ साली आयफोन ७ आला आणि त्याचं होम बटण हलेचना. ते खाली जातच नव्हतं, आतली मोटर नुसती थरथर करून दाबल्याचा भास द्यायची. झिजायला उरलं काय? पुढच्याच वर्षी आयफोन १० मध्ये बटणच काढून टाकलं. टिकली मात्र कायम. बटण गेलं, ते वाचवायचं व्रत राहिलं. आता विचाराल तर कडेचं बटण वाचवतो म्हणतात.

अँड्रॉइडवाले तरी मागे कसे राहतील? शाओमीने 'क्विक बॉल' आणला, विवोने 'ईझी टच', सॅमसंगने 'असिस्टंट मेनू'. ज्यांच्या फोनात यातलं काहीच नव्हतं त्यांनी प्ले स्टोअरवरून अशाच नावाची फुकट ॲप उतरवून घेतली. आयफोनसारखं दिसतं म्हणून. त्या फुकट टिकलीबरोबर जाहिराती आल्या आणि आणखीही काही आलं. त्यावर पुढे येतोच.

आधी काढायची कशी ते सांगतो, नाहीतर संपादकांना पत्रं जातील. आयफोनवर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात टच, त्यात असिस्टिव्ह टच, तिथे बंद. २०१९च्या आयओएस १३ पर्यंत हा सगळा कारखाना 'जनरल'च्या आत तळघरात होता. तेव्हा कुठे त्याला मुख्य यादीत जागा मिळाली. बंद केल्यावरही ती परत उगवत असेल तर भुताटकी नाही. कडेचं बटण लागोपाठ तीनदा दाबलं जातंय, आणि ॲक्सेसिबिलिटीच्या पानावर अगदी तळाशी जो शॉर्टकट आहे तिथे टिकलीच्या नावापुढे खूण आहे. ती खूण काढा.

अँड्रॉइडचं प्रकरण सरकारी आहे. तिथे टिकली एकाची नसते. पडदा मोठा करून दाखवणारी सोय, मजकूर वाचून दाखवणारी सोय, मोठ्या बटणांचा मेनू, या प्रत्येकाचा आपापला शॉर्टकट असतो आणि त्यातला एक जरी चालू राहिला तरी बटण पडद्यावर हजर. तुम्ही मोठं दिसणं बंद करता, टिकली हटत नाही, तुम्ही फोनला शिव्या देता. दोष फोनचा नाही. तिचा दुसरा जामीनदार अजून आत बसलाय. प्रत्येक सोयीच्या पानावर जाऊन तिच्या नावासमोरचा शॉर्टकट बंद करायचा. जिथे 'क्विक बॉल' आहे तिथे हे काहीच लागू नाही, त्याचं पान वेगळं. सगळं खुंटलं तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत नाव लिहा. ही शोधपट्टी फोनमधली सर्वात दुर्लक्षित जागा आहे. लोक भाच्याला फोन करतील, पण तिथे चार अक्षरं लिहिणार नाहीत.

आणि काढायचीच कशाला? फिकी करता येते, छोटी करता येते, वापरात नसताना विरून जाईल असं सांगता येतं. आयफोनवर एकदा टेकवलं तर काय, दोनदा टेकवलं तर काय, दाबून धरलं तर काय, हे तिन्ही आपल्या मनाप्रमाणे नेमता येतं. दोनदा टेकवलं की स्क्रीनशॉट, एवढं जरी नेमलं तरी दोन बटणं एकदम दाबण्याच्या नादात दर वेळी आवाज वाढवणाऱ्या मंडळींचे निम्मे कष्ट वाचतील. अर्थात, मग तक्रारीला विषय उरणार नाही, ही अडचण आहे.

टिकली हे तरी गरीब प्रकरण. खरी धमाल 'टॉकबॅक'ची. अँड्रॉइडमध्ये दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखवणारी ही यंत्रणा २००९ पासून आहे. आवाजाची दोन्ही बटणं एकत्र तीनेक सेकंद दाबून धरली की ती चालू होते. पहिल्या वेळी फोन विचारतो, चालू करू का? पण फोनने काहीही विचारलं तरी 'ओके' म्हणायची आपल्याला सवय. फोनवर आजवर जेवढ्या अटी आपण मान्य केल्यात तेवढ्या लग्नातही केल्या नसतील.

तर समजा, सत्यनारायणाची पूजा चालली आहे. तिसरा अध्याय. काकूंच्या पर्समध्ये चष्म्याच्या डबीने दोन्ही बटणं दाबली जातात, काकू फोन बाहेर काढतात, काहीतरी 'ओके' करतात, आणि एक बाई खणखणीत आवाजात बोलू लागते. "व्हॉट्सॲप. सदतीस न वाचलेले मेसेज." काकू बोट लावतात ते बंद करायला, बाई बोट लावलेल्या वस्तूचं नाव सांगते. काकू आणखी जोरात बोट लावतात. बाई तेच नाव पुन्हा सांगते. पडदा सरकत नाही, ॲप उघडत नाही, पासवर्ड घेत नाही. गुरुजी थांबलेत. पुतण्या फोन हिसकावतो, "हँग झालाय" म्हणतो आणि बंद करून चालू करतो. बाई परत येते आणि आल्या आल्या वेळ सांगते. मग हॅक झालाय. मग कुणीतरी बँकेचे पैसे तपासायला सांगतं. मग संध्याकाळी दुकान.

दुकानदार फोन हातात घेतो, मान हलवतो, "सॉफ्टवेअर मारावं लागेल" म्हणतो. हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोबाइलच्या गल्लीत, कुठल्याही दुखण्यावर ऐकू येतं. पाण्यात पडला? सॉफ्टवेअर मारू. आवाज येत नाही? सॉफ्टवेअर मारू. मग तो फोन काउंटरखाली नेतो, आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबतो, बाई गप्प होते, पाचशे रुपये. तीन सेकंदांच्या कामाचा हा दर बड्या वकिलालाही मिळत नसेल.

दुकानदाराला दोष देणार नाही, त्याने विद्या शिकली आहे. ती विद्या एवढीच: टॉकबॅक चालू असताना एकदा टेकवलं की वस्तू निवडली जाते आणि तिचं नाव ऐकू येतं, दोनदा पटापट टेकवलं की ती उघडते, आणि पडदा सरकवायचा तो दोन बोटांनी. बाकी दुखण्यांचंही असंच. पडदा अचानक भिंगाखाली गेल्यासारखा मोठा होऊन अडकला असेल तर अँड्रॉइडवर एका बोटाने तीनदा टेकवा, आयफोनवर तीन बोटांनी दोनदा. फोन एकाएकी कृष्णधवल झाला असेल तर पडदा गेलेला नाही, रंगांची एखादी सोय चालू झाली आहे, नाहीतर रात्री झोपेच्या वेळी रंग घालवणारी. पडदा फोटोच्या निगेटिव्हसारखा दिसत असेल तर रंग उलटवलेत. यातल्या कशालाही 'फॉरमॅट' लागत नाही. आणि फॉरमॅट मारून नातवाचे फोटो गेलेली घरं मला ठाऊक आहेत.

इथवर सगळी तक्रार डोळसांची, धडधाकटांची. नको असताना आलं, आणि जात नाही. आता पलीकडची बाजू ऐका. तिथली तक्रार बरोब्बर उलटी आहे. हवं असताना राहत नाही.

माझा एक मित्र जन्मापासून अंध आहे, गाणं शिकवतो. त्याचा फोन बघण्यासारखा असतो, म्हणजे बघण्यासारखं त्यात काहीच नसतं. पडदा काळा. टॉकबॅकमध्ये पडदा लपवायची सोय आहे, ती चालू असली की फोन चालतो आणि दिसत काहीच नाही; शेजारचा डोकावून करणार काय? कानात एक इयरफोन, आणि त्यात ती काकूंच्या पर्समधली बाई, पण इतक्या वेगाने बोलणारी की मला वाटलं कॅसेट पुढे पळवतोय. त्याला शब्दन् शब्द कळतो. उजवीकडे बोट फिरवलं की पुढची वस्तू, डावीकडे फिरवलं की मागची, दोनदा टेकवलं की उघडलं. व्हॉट्सॲप तो माझ्याहून लवकर वाचून संपवतो.

मग त्याने बँकेचं ॲप उघडलं. बाई म्हणाली, "अनलेबल्ड, बटण." उजवीकडे. "अनलेबल्ड, बटण." उजवीकडे. "अनलेबल्ड, बटण." तो म्हणाला, "तिसरं म्हणजे बॅलन्स. चौथं म्हणजे पैसे पाठवा. सहावं दाबायचं नाही, ते कर्ज घ्या." पाठ करून ठेवलंय, पाढ्यांसारखं. मी म्हटलं, चाललंय की मग. तो म्हणाला, "दिवाळीपर्यंत चालेल. दिवाळीला ते वर आकाशकंदील लावतात. मग तिसरं चौथं होतं."

हे बटण 'अनलेबल्ड' का? ॲप लिहिणाऱ्याने चित्र काढलं, घराचं, घंटेचं, दोन बाणांचं, आणि त्या चित्राला नाव दिलं नाही म्हणून. नाव द्यायला एक ओळ लागते. अँड्रॉइडचं ॲप ज्या साधनात लिहितात ते साधन स्वतः पिवळी खूण करून सांगतं की बाबा रे, या चित्राला वर्णन दिलेलं नाहीस. म्हणजे कोडवाल्याला माहीत नसतं असं नाही. त्याला सांगितलेलं असतं, आणि त्याने आपल्यासारखंच 'ओके' केलेलं असतं. शेवटी नाव कोण ठेवतो? वापरणाराच. टॉकबॅकमध्ये अशा बिनानावाच्या बटणाला आपण स्वतः नाव देऊन ठेवू शकतो, तेही फक्त काही बटणांच्या बाबतीत. बँकेने जन्म द्यायचा आणि खातेदाराने बारसं करायचं.

त्यात ॲपच्या माथ्यावर आपोआप सरकणारी जाहिरातींची पट्टी. डोळसाला ती नुसती दिसते. टॉकबॅकवाल्याच्या मात्र ती कानात घुसते. बोट बॅलन्सवर, आणि बाई मध्येच सांगते, "सोन्यावर कर्ज." ओटीपीला तीस सेकंद. त्यातली बारा सोन्यात गेली.

अंधांचंच कशाला, नुसतं वय झालेल्यांचं बघा. अँड्रॉइड १४ पासून अक्षरं दुपटीपर्यंत मोठी करता येतात. आजोबांनी आनंदाने केली. आता ॲपमध्ये 'सबमिट' हे बटण पडद्याच्या खाली गेलं, आणि पान काही वर सरकत नाही, कारण ज्याने ते पान मांडलं तो सव्वीस वर्षांचा आहे आणि त्याच्या फोनवर ते बसतं. मग आजोबा अक्षरं लहान करतात, सबमिट दाबतात, आणि कशावर सही केली ते वाचायला पुन्हा मोठी करतात. या क्रमात काही चुकतंय, असं फक्त आजोबांना वाटतं.

आता टिकून न राहण्याचं. फोन विकताना कंपन्या बॅटरी दोन दिवस चालते असं सांगतात. ती चालावी म्हणून पाठीमागे चाललेली ॲप फोन गुपचूप मारतो. काही फोनांवर हा उत्साह इतका असतो की बाहेरून टाकलेल्या मदतनीस ॲपचाही त्यात बळी जातो. सकाळी चालू केलेली सेवा दुपारी सेटिंग्जमध्ये बंद दिसते. कुणी बंद केली? कुणीच नाही. ॲप जबरदस्तीने थांबवलं गेलं की अँड्रॉइड त्याची ॲक्सेसिबिलिटी सेवाही काढून घेतं. उपाय आहे. त्या ॲपच्या बॅटरीच्या पानावर जाऊन निर्बंध काढायचे, आपोआप सुरू होण्याची परवानगी द्यायची. हे पान प्रत्येक कंपनीने वेगळ्या कपाटात ठेवलंय. शिवाय आपली ती सवय आहेच, दर पाच मिनिटांनी चौकोनी बटण दाबून उघडी ॲप झाडून काढायची. फोन हलका होतो म्हणे. काही फोनांवर त्या झाडूत मदतनीसही जातो.

आणि यावर कडी म्हणजे बँक. काही बँकांची ॲप उघडताना तपासतात की फोनवर अनोळखी ॲक्सेसिबिलिटी सेवा चालू आहे का. असली तर म्हणतात, आपल्या सुरक्षेसाठी ती बंद करा, मगच आत या. ज्याच्या आधाराने आलास तो आधार पायरीशी ठेव.

बँकेचं भय खोटं नाही, हेही सांगायला हवं. ॲक्सेसिबिलिटीची परवानगी म्हणजे फोनच्या सगळ्या चाव्या. पडद्यावर काय आहे ते वाचायचं आणि माणसाच्या वतीने बटणं दाबायची, दोन्ही. जो पडदा बघू शकत नाही त्याच्यासाठी हे लागतंच. पण चोरालाही नेमकं हेच लागतं. व्हॉट्सॲपवर चलान म्हणून, लग्नाची पत्रिका म्हणून ज्या एपीके फायली येतात, त्यांतल्या बऱ्याच आत शिरल्यावर हीच परवानगी मागतात. फोन स्वच्छ विचारतो, या ॲपला तुमच्या उपकरणाचं पूर्ण नियंत्रण देऊ का? पूर्ण नियंत्रण! बायकोला दिलं नाही ते आपण 'पत्रिका डॉट एपीके'ला देतो. मघाशी म्हटलेली ती आयफोनसारखी दिसणारी फुकट टिकलीही पडदा लॉक करण्याच्या निमित्ताने हीच परवानगी मागते. कॉल रेकॉर्ड करणारी ॲपही याच वाटेने ऐकायची. ११ मे २०२२ पासून गूगलने प्ले स्टोअरवरच्या ॲपना ती वाट बंद केली, तेव्हा कित्येक दलालांच्या घरी सुतक पडलं. फोनवर अपंगत्वाची परवानगी सर्वात जास्त वापरली कुणी, याचा हिशेब लावला तर पहिल्या काही नंबरांत अपंग येतील की नाही शंका आहे.

मग कंपन्यांनी दारं बंद केली. २०२२च्या अँड्रॉइड १३ पासून प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकलेल्या ॲपला ही परवानगी सरळ मिळत नाही, ते बटण करडं दिसतं. मोकळं करायला ॲपच्या माहितीच्या पानावर जाऊन, वरच्या तीन ठिपक्यांत शिरून, बंदी असलेल्या सेटिंगला मुभा द्यावी लागते. चोर ही पायरी व्हॉट्सॲपवर चित्रासकट समजावून सांगतो. ज्याला खरी गरज आहे त्याला समजावणारा कुणी नसतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, फक्त संन्यासी गॅरंटी कार्ड घेऊन उभा आहे.

कायदा नाही असं नाही. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे, एकवीस प्रकारची अपंगत्वं मानणारा, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमं सर्वांना वापरता यावीत असं त्यात लिहिलंय. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांचा निकाल, त्यात वीस निर्देश. प्रकरण काय होतं? ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिका. बँकेत खातं काढताना जी ऑनलाइन ओळखपरेड व्हायची, त्यात माणूस जिवंत आहे हे सिद्ध करायला डोळे मिचकावावे लागायचे. ज्यांच्या पापण्या ॲसिडने नेल्या त्यांनी काय मिचकावायचं? ज्याला दिसत नाही त्याने चेहरा चौकटीत कसा बसवायचा? हा प्रश्न यंत्र बनवताना, विकत घेताना, तपासताना, मंजूर करताना कुणालाच सुचला नाही. तो सर्वोच्च न्यायालयाला सुचवावा लागला. देशात जिवंत असल्याचा पुरावा म्हणून डोळे मिचकावणं ग्राह्य होतं, आणि समोर येऊन "मी आहे" म्हणणं ग्राह्य नव्हतं.

बरं, फोन नको म्हणून रोखीने व्यवहार करावा, तर तिथेही फोनच. नव्या मालिकेतली दोनशेची नोट १४६ मिलिमीटर लांब, पाचशेची १५०. रुंदी सारखीच. चार मिलिमीटरचा फरक बोटांनी ओळखायचा, रिक्षावाला "सुट्टे द्या" म्हणत असताना. त्यावर रिझर्व्ह बँकेने उपाय काढला, १ जानेवारी २०२० ला 'मनी' नावाचं ॲप. कॅमेऱ्यासमोर नोट धरा, ते किंमत बोलून दाखवतं, इंटरनेटही लागत नाही. ॲप चांगलं आहे, माझा मित्र वापरतो. पण आधी नोटा बोटांना कळेनाशा करायच्या आणि मग त्या ओळखायला हजारोंचा फोन घ्यायला लावायचा, हा क्रम मला आवडला.

मित्राच्या बँकेचं परवा अपडेट आलं. आकाशकंदिलाला अजून वेळ आहे, पण रंग बदललेत. आता तिसरं बटण कर्जाचं आहे. त्याने मला फोन करून विचारलं, बॅलन्स कितवा? मी माझ्या फोनवर ॲप उघडून मोजलं, सातवा. कस्टमर केअरला फोन लावला तर चार भाषांत स्वागत झालं आणि मग सांगण्यात आलं की जलद सेवेसाठी ॲपमधला चॅट वापरा. ॲपमध्ये चॅट आहे. खाली, उजव्या कोपऱ्यात, करडं, गोल, तरंगणारं. डोळसाला ते लगेच दिसतं. टॉकबॅकवर त्याचं नाव "अनलेबल्ड, बटण."